बिडकीनचा जपानी डबा

आप्पासाहेबांचा फोन आला तेव्हा दाऊदभाई मांडी घालून शेजारणीचा मिक्सर उघडून बसले होते. एसटीच्या वर्कशॉपमध्ये एकतीस वर्षं गाड्यांची वायरिंग करून ते दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले होते, आणि तेव्हापासून शहरात रोशनगेटच्या त्यांच्या गल्लीतली असली बारीकसारीक कामं त्यांच्याकडे येत. आप्पासाहेबांची ओळख जुनी. बिडकीनच्या अलीकडे पैठण रस्त्याला लागून त्यांची जमीन होती. बरीचशी कारखान्यांत गेली, उरलेल्या चार एकरांत ते आता हॉटेल काढत होते.

"दाऊदभाई, रेल्वेचा एक डबा आणलाय," आप्पासाहेब म्हणाले. "जपानचा. त्यातले पंखे-लाइट चालू करून द्यायचेत. येता का उद्या?"

"जपानचा डबा बिडकीनला कायकू आला?"

"हॉटेलच डब्यात काढायचंय. सूनबाईच्या डोक्यातून निघालंय. या तर खरं, बघा तर."

मे महिना होता. दुसऱ्या दिवशी दाऊदभाई स्कूटरवर हत्यारांची पिशवी अडकवून गेले. रस्त्यापासून हाकेच्या अंतरावर, काळ्या उघड्या शेताच्या कडेला, रुळाच्या दोन तुकड्यांवर तो डबा उभा होता. पासष्ट फूट लांब, करड्या पत्र्याचा, मधून विटलेला हिरवा पट्टा. एका अंगाला चार रुंद दारं आणि दुसऱ्या अंगाला चार. आत आपल्या गाड्यांसारखे कप्पे नव्हते. दोन्ही भिंतींना लागून लांबच लांब बाकं, समोरासमोर. त्यांवर हिरवी मखमल होती आणि माणसं बसून बसून तिला जागोजाग टक्कल पडलं होतं. वरच्या दांड्याला पांढऱ्या गोल कड्या लोंबत होत्या, उभ्या माणसांनी धरायला. दारावर स्टेशनांचा नकाशा होता. सगळी स्टेशनं एकाच गोलावर मांडलेली, त्याला सुरुवात नव्हती आणि शेवटही.

डब्याबरोबर एक कागद आला होता, तो आप्पासाहेबांच्या सुनेनं वाचून दाखवला होता. या जातीच्या विजेच्या गाड्या तिकडे पन्नास-साठ वर्षांपूर्वी हजारोंनी बांधल्या. सकाळी नोकरदारांना शहरात न्यायचं, संध्याकाळी घरी सोडायचं, एवढंच त्यांचं काम. मग नव्या गाड्या आल्या आणि या एकेक करून मोडीत गेल्या. हा डबा कसा कोण जाणे वाचला.

काम सरळ होतं. पंखे शंभर व्होल्टचे, म्हणून मधे ट्रान्सफॉर्मर बसवायचा. जुनी वायरिंग काढून नवी ओढायची. बाकांखाली जाळीआड हीटर होते, थंडीत पाय शेकायला. बिडकीनच्या उन्हाळ्यात त्यांचं काय काम, म्हणून दाऊदभाईंनी पहिल्याच दिवशी त्यांच्या वायरी मुळापासून कापल्या आणि टोकांना टेप गुंडाळली.

तिसऱ्या दिवशी दुपारी लाइट गेली. दाऊदभाई घाम पुसत बाकावर बसले. बाक ऊबदार होतं. उन्हाची ऊब कोरडी असते, ही तशी नव्हती. एसटीत कुणी नुकतंच उठून गेलेल्या सीटवर बसावं, तशी होती. त्यांच्या मनात आलं की उठून हीटर बघावा. पण ते उठले नाहीत.

इथं एक सांगायला हवं. दीड वर्षापूर्वी त्यांची बायको शमशाद वारली. तेव्हापासून दाऊदभाईंना झोप नव्हती. रात्रभर ते गच्चीवर फेऱ्या मारत, पहाटेची फजरची अजान ऐकत, आणि मुलगी मंतशा उठायच्या आत चहाचं आधण ठेवत. डॉक्टरच्या गोळ्या झाल्या, दर्ग्याचा ताईत झाला. तर तो माणूस त्या दुपारी, त्या उकाड्यात, बसल्या जागी झोपला.

जाग आली तेव्हा उजव्या खांद्यावर डोकं होतं.

डोळे उघडायच्या आधीच त्यांना ते कळलं. माणसाचं डोकं किती जड असतं हे खांद्याला ठाऊक असतं. कानशिलाचं हाड हाडावर टेकलेलं होतं. श्वासागणिक ओझं थोडं वाढायचं, थोडं कमी व्हायचं. दाऊदभाईंनी हळूच डोळे उघडले. समोरच्या काचेत ते स्वतः दिसत होते, एकटे, उजवा खांदा डाव्यापेक्षा चार बोटं खाली गेलेला. शेजारी कुणी नव्हतं... आणि ओझं तसंच होतं.

"हलू नका," कुणीतरी हलक्या आवाजात म्हणालं.

दारात आवडाबाई उभ्या होत्या, हातात झाडू घेऊन. डबा झाडायला, पुसायला आप्पासाहेबांनी जवळच्या वस्तीवरून त्यांना लावलं होतं. पन्नाशीच्या, सडसडीत, कमी बोलणाऱ्या.

"आपसूक उठतंय ते," त्या म्हणाल्या. "दचकवू नका. लई थकलेलं आसतंय."

दाऊदभाईंनी मान न हलवता विचारलं, "कोन... हाय?"

"काय म्हायती. मलाबी येतंय. पयल्या दिवशी मी भ्याले. आता नाय भेत."

थोड्या वेळानं ओझं गेलं. डुलकी लागलेला माणूस खडबडून जागा होतो तसं एकदम गेलं. त्या जागी सदरा ओलसर होता, आणि त्याला भिजलेल्या छत्रीच्या कापडासारखा वास येत होता. बाहेर ऊन इतकं कडक होतं की रस्त्यावरचं डांबर वितळून चमकत होतं.

दुसरा कुणी असता तर त्यानं हत्यारं उचलली असती आणि पुन्हा तिकडं फिरकला नसता. दाऊदभाई दुसऱ्या दिवशी वेळेआधीच पोचले. त्याचं कारण त्यांनी कुणालाच सांगितलं नाही. शमशादचं माहेर गंगापूरचं. लग्नानंतर पस्तीस वर्षं ती माहेराहून एसटीनं परत येताना त्यांच्या उजव्या खांद्यावर मान टाकून झोपायची. गाडी शहरात शिरेपर्यंत उठायची नाही. खांदा बधिर व्हायचा, पण दाऊदभाई हलायचे नाहीत.

मग त्यांनी काम लांबवलं. चार दिवसांचं काम बारा दिवसांवर गेलं. रोज दुपारी तीनला ते त्याच बाकावर, त्याच जागी बसत. एकदा अर्धवट झोपेत त्यांनी हळूच हाक मारली, "शमशाद..." खांद्यावरचं डोकं किंचित सरकलं आणि मानेच्या खळगीत नीट विसावलं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. त्यांनी ते पुसलं नाही, कारण पुसायला हात हलवावा लागला असता.

मात्र पहिल्या खेपेला ते वीस मिनिटं झोपले होते. आठव्या दिवशी दोन तास. दहाव्या दिवशी उठून फोन पाहिला तर मंतशाचे अकरा मिस्ड कॉल. घरी गेल्यावर ती म्हणाली, "अब्बा, तुम एक बाजू झुककर चल रहे. हाथ कू क्या हुआ?" हात बर्फासारखा गार होता आणि सदऱ्याचं बटण लावता येत नव्हतं.

त्याच दिवशी डब्यातून निघताना आवडाबाईंनी विषय काढला होता. "दाऊदभाई, सव्वाचारला दारं उघडतात, ठाव हाय का तुम्हाला?"

"कोणती दारं?"

"त्या अंगाची. शेताकडची. रोज उघडतात. तुम्ही झोपलेले आसता."

दाऊदभाई हसले. दारांना हवेचं प्रेशर लागतं, कॉम्प्रेसर तर डब्याबरोबर आलाच नव्हता. सगळ्या वायरी त्यांनी स्वतःच्या हातानं कापल्या होत्या. तरी दुसऱ्या दिवशी ते बसले नाहीत. दोन वेळा चहा प्यायले आणि उभे राहिले.

सव्वाचारला शेताकडची चारही दारं एकाच वेळी उघडली. आवाज फारसा झाला नाही, रबर सुटल्याचा हलका उसासा तेवढा आला. बाहेर नांगरलेलं काळं रान, लांबवर बाभळी, आणि कुठं चिटपाखरू नाही. उघड्या दारांतून गार हवा आत आली. वरच्या कड्या एकामागून एक हलू लागल्या, आणि मग प्रत्येक कडी ताणून सरळ थांबली, जणू कुणी धरली. पायाखालचा डबा हळूच खाली बसला. पंधरा-वीस सेकंदांत दारं मिटली.

दाऊदभाई रस्त्याच्या बाजूनं खाली उतरले. त्या अंगाला गिऱ्हाइकांना चढायला गवंड्यानं विटांचा फलाट बांधला होता, डब्याच्या जमिनीशी अगदी बरोबर मिळवून. आता डब्याची जमीन फलाटाच्या खाली गेली होती. त्यांनी पट्टी लावली. नऊ सूत, म्हणजे इंचाहून जास्त. चाकांवरच्या जाडजूड स्प्रिंगा दबल्या होत्या. रिकामा डबा दबत नाही हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं.

"चढतात रोज," आवडाबाई मागून म्हणाल्या. "उतरताना मी अजून कुणाला बघितलं नाय."

दाऊदभाईंनी आप्पासाहेबांना एवढंच सांगितलं की शेताकडची दारं आपोआप उघडतात. आप्पासाहेब व्यवहारी माणूस. "जुना माल हाय, उतारानं सरकत असतील," ते म्हणाले. "शुक्रवारी उद्घाटन. पन्नास माणूस जेवायला येणार, लेकराबाळांसकट. कुणी पडलं बिडलं तर? बोल्ट मारून टाका त्या दारांना."

दाऊदभाईंनी बुधवारी सकाळी बोल्ट मारले. एका दाराला दोन, असे आठ.

संध्याकाळी हात धुताना आवडाबाई म्हणाल्या, "एक बोलू का? राग मानू नका. तुम्हाला ती तुमची मानूस वाटती ना?"

दाऊदभाईंनी पाना फडक्यात गुंडाळून पिशवीत टाकला.

"मलाबी तसंच वाटलं व्हतं. माझा किसन वाटला. ल्हानपणी आसाच मान टाकून झोपायचा. मला वाटलं पोराचं काई बरंवाईट झालं. जीव थाऱ्यावर राहीना. फोन लावला पुण्याला. तर तो चांगला धडधाकट, ड्युटीवर." त्यांनी पदराला हात पुसले. "ज्याला जे पायजे ते त्याला वाटतंय, दाऊदभाई. खांदा भेटला म्हून टेकत्यात ते. आपून कोन, त्यास्नी काय म्हायती?"

दाऊदभाईंनी स्कूटर चालू केली आणि मान हलवून निघाले. त्या रात्री ते पुन्हा गच्चीवर फिरत राहिले. बाईचं म्हणणं खरं होतं हे त्यांना पटत होतं, आणि तरी उद्या तीन कधी वाजतील याचा विचार डोक्यातून जात नव्हता.

गुरुवारी ते पोचले तेव्हा दुपारचे साडेतीन वाजले होते. लांबूनच त्यांना डब्याच्या काचा पांढऱ्या दिसल्या. जवळ जाऊन हात लावला. आतून वाफ धरली होती. डब्यात एसी नव्हता, पाण्याचा थेंब नव्हता, बाहेर बेचाळीस डिग्री ऊन; आणि काचांवर बैठकीपासून डोक्याच्या उंचीपर्यंत दाट वाफ, हिवाळ्यात भरल्या एसटीत धरते तशी. ओघळ खाली येत होते.

फलाटाच्या बाजूचं दार लोटून ते आत गेले. हवा जड होती. ओली लोकर, ओल्या छत्र्या, झोपलेल्या माणसांच्या तोंडाचा शिळा वास. कोपऱ्यातल्या बाकावर आवडाबाई बसल्या होत्या. काचा पुसायचं फडकं हातातून गळून पडलेलं. मान उजवीकडे कललेली, पूर्ण कललेली, एवढी की खाली आधार असल्याशिवाय कुणाची मान अशी राहत नाही. खाली काहीच नव्हतं.

"आवडाबाई..."

त्या उठल्या नाहीत. दाऊदभाईंनी दंड धरून हलवलं. दंड गार होता. तोंडावर पाणी मारलं. पापण्या हलल्या नाहीत, ओठ तेवढे हलले.

"उतरायचंय," त्या झोपेतच म्हणाल्या. आवाज त्यांचाच होता, पण बोलणं कुणीतरी सांगितलेलं पाठ म्हणावं तसं सपाट. "लई दाटी झाली... गाडी हलंना... दार बांधलंय... उतरायचंय..."

दाऊदभाईंनी त्यांना उचलायचा प्रयत्न केला. सडसडीत बाई, पण उचलेनात. दोन्ही बाजूंनी कुणी खेटून बसलेल्या माणसाला मधून काढावं तसं होत होतं. दम लागून ते क्षणभर बाकावर टेकले. टेकले तोच उजव्या खांद्यावर ते ओझं अलगद आलं. ओळखीचं, मानेच्या खळगीत बरोबर बसणारं. डोळ्यांवर झापड आली. दीड वर्षाची सगळी झोप एकदम आल्यासारखी आली. समोर आवडाबाई दिसत होत्या. त्यांचा श्वास फार सावकाश चालला होता. एक झाला की दुसरा येईल की नाही अशी वाट पाहावी लागत होती.

ते किती वेळ बसले हे त्यांना सांगता येत नाही. मग ते उठले. ओझं उतरलं नाही, त्यांच्याबरोबर उठलं. तसेच, एका बाजूला वाकून, ते दारापाशी गेले, पिशवीतून पाना काढला आणि पहिला बोल्ट फिरवायला लागले. उजव्या हातात जोर नव्हता. डाव्यानं फिरवला. पाठीमागे माणसं येऊन उभी राहत होती. मानेवर श्वास लागत होते, एक, मग दुसरा. पण कुणी ढकललं नाही. कुणी घाई केली नाही. ओळीनं उभे होते सगळे. दाऊदभाई एका दारावरून दुसऱ्याकडे गेले की ओळ सरकून त्यांना वाट देत होती.

आठवा बोल्ट निघाला तेव्हा सव्वाचार व्हायला दोनेक मिनिटं होती. ती दोन मिनिटं कुणी हललं नाही.

दारं उघडली.

दाऊदभाई दाराच्या चौकटीला धरून उभे होते. त्यांच्या दोन्ही अंगांनी गार हवा बाहेर जाऊ लागली. दर वेळी कोपराला हलका स्पर्श व्हायचा, कपड्याला कपडा घासावा एवढाच. उन्हात काही दिसत नव्हतं. वीस सेकंद झाले, मिनिट झालं, दारं मिटली नाहीत. पायाखाली डबा सावकाश वर येत होता. स्प्रिंगा करकरत होत्या. एकेक कडी सुटून झुलत होती. बऱ्याच वेळानं हवा थांबली. खांद्यावरचं ओझं मात्र होतं.

"सब उतर गये," दाऊदभाई म्हणाले. थोडं थांबून पुन्हा म्हणाले, "जा तू भी."

ओझं लगेच गेलं नाही. मग गेलं. दारं मिटली.

मागं आवडाबाईंनी खोकल्यासारखं केलं. दाऊदभाई वळले तेव्हा त्या मान चोळत ताठ बसल्या होत्या. "ठेसन आलं व्हतं का?" त्यांनी विचारलं.

"आलं होतं," दाऊदभाई म्हणाले. "प्यायला पानी आणू का?"

शुक्रवारी उद्घाटन झालं. लोक जेवले, लेकरं कड्यांना लोंबकळली, फोटो निघाले. पंखे छान फिरत होते. त्यानंतर दारं कधी उघडली नाहीत, बाकं ऊबदार लागली नाहीत. कुणाला डुलकी लागली तर ती जेवणामुळं. आवडाबाई आता तिथंच भाकऱ्या करतात. दाऊदभाईंचा हात महिनाभरात पूर्ववत झाला. रात्री त्यांना झोप लागते, फार नाही, तीन-चार तास. मंतशा त्यावर समाधानी आहे.

भाद्रपदात एक पंखा बिघडला म्हणून आप्पासाहेबांनी त्यांना पुन्हा बोलावलं. काम आटोपून दाऊदभाई डब्यामागे सावलीत चहा पीत बसले होते. शेतात गुडघाभर कपाशी होती आणि तिच्या पलीकडे पडीक रान. तिथं फकिरा नावाचा एक म्हातारा धनगर शेळ्या चारत होता. सव्वाचारच्या सुमाराला चरत चरत शेळ्या पुढं आल्या आणि उघड्या रानात एकाएकी थांबल्या. वीस-बावीस शेळ्या, एका रेषेत, पुढचे पाय जुळवून. पुढं कुंपण नव्हतं, चर नव्हता, सलग गवत होतं. म्हाताराही काठी टेकून त्यांच्या मागे थांबला आणि त्यानं बिडी पेटवली.

मग सगळ्या शेळ्यांच्या माना एकदम डावीकडं वळल्या. सावकाश डावीकडून उजवीकडं गेल्या, झटक्यानं परत डावीकडं आल्या, पुन्हा सावकाश उजवीकडं. फाटकापाशी थांबलेलं माणूस समोरून जाणारा एकेक डबा नजरेनं सोडत राहतं, तसं. गवताचं पातं हलत नव्हतं. दाऊदभाईंनी चहाचा कप खाली ठेवला.

माना स्थिर झाल्या. शेळ्या पुढं चालू लागल्या आणि चरू लागल्या.

म्हातारा बांधाशी आला तेव्हा दाऊदभाईंनी विचारलं, "बाबा, शेळ्या थांबल्या कामून तिथं?"

"रोज थांबत्यात. ह्याच टायमाला," फकिरा म्हणाला. त्याला त्यात विशेष काही वाटत नव्हतं. "पयले मला वाटलं जनावर हाय का काय आडवं. काईच नाय. आता मी बी थांबतो. उगंच आडवं कामून जायचं?"

"आन् माना फिरवत्यात त्या?"

"व्हय. मी मोजतो बसून, दुसरं काय काम." त्यानं विझलेली बिडी कानावर ठेवली. "आखाडात एकडाव फिरवायच्या, बस. मंग चार येळा, सा येळा." तो शेळ्यांमागे निघाला होता, चालता चालताच बोलला.

"काल धा येळा. आज अकरा."